जंगलात 60 माणसं: पाणी कुठलं, चर कुठे आणि भांडी कोण घासणार

जंगलात सगळ्यांनी मिळून शिबिर करायचं म्हटलं की पुण्यातल्या पहिल्या बैठकीत शेकोटी, गाणी, आकाशदर्शन आणि पिठलं-भाकरी यांवर तासभर सहज जातो. संडासाच्या चराचा विषय काढला की कुणाला तरी चहा आठवतो. आमचं म्हणणं असं की बैठक उलट्या टोकाने घ्यावी. चर कोण खणणार, पाणी कोण भरणार, भांडी कोण घासणार हे नावानिशी लिहून झाल्याशिवाय तारीखसुद्धा ठरवू नये. स्वयंपाकाला माणसं कधी कमी पडत नाहीत. शेकोटीला तर नाहीच नाही.

इथे लिहितोय ते 60 माणसांच्या, तीन दिवसांच्या, तिकीट नसलेल्या, आचारी नसलेल्या, कुणीही काही विकत नसलेल्या शिबिराबद्दल. येईल तो राबेल, एवढाच नियम. या प्रकाराचं जगात सगळ्यांत गाजलेलं रूप म्हणजे अमेरिकेतलं रेनबो गॅदरिंग. पहिलं 1972 साली कोलोरॅडोत भरलं. तेव्हापासून दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला तिथल्या कुठल्यातरी राष्ट्रीय वनात हजारो लोक जमतात. स्वयंपाकघरं स्वयंसेवक चालवतात, जेवण सगळ्यांना फुकट, जेवणानंतर वर्गणीसाठी टोपी फिरते, आणि 4 जुलैला सकाळपासून दुपारपर्यंत मौन असतं. तिथल्या वनखात्याचा नियम आहे की 75 किंवा त्याहून जास्त माणसं जमणार असतील तर परवाना घ्या. रेनबोवाल्यांचं उत्तर ठरलेलं: आमच्यात कुणी प्रमुखच नाही, तर सही करणार कोण? हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. आपल्याला ही चैन परवडत नाही. इथे सही करणारा माणूस आधी शोधायचा.

कारण जागा. राखीव वनात परवानगीशिवाय शिरून विस्तव पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. अभयारण्यात वन्यजीव कायदा त्याहून कडक. पुण्याच्या आसपासचं भीमाशंकर 1985 पासून आणि ताम्हिणी 2013 पासून अभयारण्य आहे, तेव्हा तिथे चूल मांडायचा विचारही नको. आम्ही मुळशी किंवा राजगड (म्हणजे जुन्या वेल्हे) तालुक्यात जंगलाला लागून असलेली मालकीची जमीन बघतो. मालक म्हणतो म्हणून मालकीची, असं धरू नये. सातबारा काढायचा आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘खाजगी वन’ असा शेरा आहे का, ते बघायचं. 1975 च्या खाजगी वन कायद्याखालच्या कितीतरी जमिनी मालक कसत असतात, पण कागदावर त्या वनखात्याच्या असतात. शेरा असेल तर दुसरी जागा. नसेल तर मालकाचं लेखी संमतिपत्र, ग्रामपंचायतीला पत्र, पोलीस ठाण्याला माहिती, आणि त्या बीटच्या (म्हणजे त्या हद्दीच्या) वनरक्षकाला प्रत्यक्ष भेटून सांगणं. पत्रापेक्षा भेटीचा उपयोग जास्त होतो. रात्री डोंगरावरून उजेड दिसला की फोन आधी त्यालाच जातो.

दिवस म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर. तोवर भातकापणी झालेली असते आणि खाचरं मोकळी असतात. जमीन सपाट असते, पण तंबू लावण्याआधी फावड्याने भाताची खुंटं तासून घ्यावी लागतात, नाहीतर तंबूच्या बुडाला भोकं पडतात. तंबू बांधापासून दूर लावायचे. बांधाच्या बिळांत उंदीर असतात आणि उंदरांमागे कोण येतं ते सांगायला नको.

आता पाणी. माणशी दिवसाला 15 लिटर धरा: पिण्याला 4, स्वयंपाकाला 3, हात आणि भांड्यांना 5, संडासला 3. आंघोळ यात नाही. 60 माणसांना 900 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 45 कॅन. ओढा दोनशे मीटरवर आहे, आपणच आणू की, असं बैठकीत सगळे म्हणतात. 20 लिटरचा कॅन 20 किलोचा असतो आणि ओढा नेहमी खालच्या बाजूला असतो. पहिल्या दिवशी सकाळी दहा जण उत्साहाने चार-चार खेपा करतात. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंप कोरडं पडतं, मग कुणीतरी भांड्यांच्या पाण्यात काटकसर करतं आणि तिसऱ्या दिवशी चार-पाच जणांची पोटं बिघडतात. अशी शिबिरं मोडतात ती बहुतेक याच साखळीने. पाऊस, साप, बिबट्या यांची भीती सगळ्यांना असते, पण माणसं घरी परत पाठवायची वेळ येते ती जुलाबांमुळे.

म्हणून 500 लिटरच्या दोन टाक्या भाड्याने न्यायच्या आणि गावातल्या बोअरचं पाणी पिकअपने दिवसाआड नाही, रोज आणायचं. पैसे गाडीवाल्याला आणि पंचायतीला, दोघांनाही. ओढ्याचं पाणी फक्त चर आणि शेकोटीसाठी. नोव्हेंबरात वाहता असलेला ओढा जानेवारीत डोहांपुरता उरतो आणि त्याच डोहावर गुरं आणि रानातली जनावरं पाण्याला येतात. तिथे साबण लावून उभं राहणं शोभत नाही.

पिण्याचं पाणी उकळायचं किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरच्या प्रमाणात टाकून किमान अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यायचं, कारण गाळ असला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. गावातल्या जलसुरक्षकाकडे (पंचायतीचा पाणी बघणारा माणूस) ओटी टेस्टचं, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारं किट असतं. त्याला विनंती केली तर दोन मिनिटांत तपासून देतो. पिण्याच्या टाकीला तोटी हवीच. वरून पेला बुडवायची सोय ठेवली की सगळी मेहनत पाण्यात.

कामांच्या टोळ्या पाच, प्रत्येकी बारा जणांच्या: पाणी, स्वयंपाक, भांडी, स्वच्छता (म्हणजे चर) आणि पाचवी शेकोटी, रात्रीची फेरी व प्रथमोपचार यांची. टोळ्या रोज बदलायच्या. प्रत्येक कामाचा मुकादम मात्र शेवटपर्यंत तोच, कारण पोत्यात किती तांदूळ उरलाय आणि कुठल्या चरात किती जागा आहे हे कुणा एकाच्या डोक्यात असावं लागतं. ‘ज्याला जे आवडेल ते त्याने करावं’ ही पद्धत कानाला फार गोड लागते. ती लावली की स्वयंपाकघरात तीस जण आणि चरावर दोघं, आणि ते दोघं तिन्ही दिवस तेच.

किराणा मार्केट यार्डातल्या भुसार विभागातून, दोऱ्या-ताडपत्र्या-घमेली रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून, आणि मोठी भांडी मांडववाल्याकडून भाड्याने. येताना शिधा आणा असं मोघम सांगू नये. सगळे पोहे आणतात. एकाने कांदे, एकाने गूळ, एकाने शेंगदाणे असं नेमून द्यायचं, आणि तांदूळ, डाळ, तेल, मीठ एकाच ठिकाणाहून घ्यायचं. तांदूळ तीन प्रकारचे झाले तर खिचडीत एक गळतो, एक कडक राहतो.

60 जणांच्या खिचडीला तांदूळ 6 किलो, मुगाची डाळ अडीच किलो, आणि मापाने चौपट, म्हणजे 35 ते 40 लिटर पाणी. हे आधण वेगळं ठेवायचं आणि भट्टी पेटवल्यापासून ते उकळायला पाऊण तास धरायचा. जेवण उशिरा होतं ते बहुतेक या पाऊण तासाचा हिशोब कुणी धरत नाही म्हणून. सगळं एकाच टोपात घालू नये. खालचा भात लागतो, वरचा कच्चा राहतो आणि मधला लगदा होतो. 30 लिटरचे दोन टोप घ्यावेत, बुडाला जाड असलेले. मांडववाल्याकडे पातळ ॲल्युमिनियमचे पुढे मांडलेले असतात, जाड मागून घ्यावे लागतात. मीठ आधी 300 ग्रॅम, मग चव बघून मुठीमुठीने. घरच्या चारजणांच्या प्रमाणाला पंधराने गुणून तिखट, हिंग आणि मोहरी घालणारा उत्साही माणूस प्रत्येक शिबिरात असतो. मसाला साताठ पटीपर्यंत न्यावा, पुढचं चवीवर. पोहे 5 किलो लागतात. ते चाळणीत किलो-किलोने भिजवायचे, एकदम भिजवले की तळाचे गोळे होतात. (पोह्यांत बटाटा घालायचा की नाही हा वाद पुण्यातच मिटवून निघावं.) प्रत्येकी दोन कप चहाला दूध 5 लिटर, पाणी 8 लिटर, साखर सव्वा किलो, पावडर 250 ग्रॅम. दूध गावच्या डेअरीवरून सकाळ-संध्याकाळ घेऊन लगेच तापवायचं.

भाकऱ्या आपण करायच्या नाहीत. 60 जणांना 120 लागतात, आणि चुलीपुढे बसून तेवढ्या थापणारं आपल्यात कुणी नसतं. गावातल्या तीन-चार घरी किंवा बचत गटाच्या ताईंना आदल्या दिवशी आकडा सांगायचा आणि पैसे त्याच संध्याकाळी रोख द्यायचे. या भागात भाकरी तांदळाची किंवा नाचणीची मिळते. ज्वारीचा हट्ट धरू नये.

गॅसवर रांधायचं. रानातलं सरपण गावाच्या चुलीसाठी असतं, 60 पाहुण्यांसाठी नाही. 19 किलोचं एक सिलिंडर तीन दिवसांना साधारण पुरतं, तरी दुसरं न्यायचंच, कारण उघड्यावर वारा अर्धी आच उडवून नेतो. भट्टीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला की फरक लगेच कळतो. रात्रीची उरलेली खिचडी सकाळी गरम करून वाढायची नाही. भातात तयार होणारं विष तापवून जात नाही. शेवटच्या पंगतीच्या आधी मुकादमाने टोपात डोकावून माणसं मोजावीत आणि उरण्यापेक्षा थोडं कमी पडलेलं चालवून घ्यावं. चिवडा आणि केळी त्यासाठीच न्यायची.

भांड्यांची जागा ही शिबिराची खरी परीक्षा. ताट, वाटी, पेला ज्याचा त्याने आणायचा आणि ज्याचा त्याने धुवायचा. पत्रावळी नकोत, हल्ली त्यांना आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. चार टब ओळीने मांडायचे. पहिला रिकामा, खरकटं निपटायला. दुसऱ्यात गरम पाणी आणि साबण. तिसऱ्यात साधं पाणी. चौथ्यात 20 लिटर पाण्याला दोन मोठे चमचे घरगुती ब्लीच, त्यात ताट अर्धा मिनिट बुडवून तसंच उन्हात जाळीवर पालथं घालायचं. पुसायचं नाही. एकाच फडक्याने 60 ताटं पुसली की एकाचा आजार साठांना वाटला जातो. दुसऱ्या टबातलं पाणी दर वीस ताटांनी बदलायचं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही, म्हणून तिथे टोळीतला एक माणूस नुसता उभा करायचा. त्याचं काम मोजणं आणि ओरडणं. मोठे टोप रिकामे होताक्षणी पाणी घालून ठेवायचे आणि राखेने घासायचे. एखादं भांडं चुलीवर चढवणार असाल तर आधी बाहेरून मातीचा लेप द्या, काजळी मातीबरोबर निघून जाते.

धुणावळीचं पाणी शोषखड्ड्यात. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल, आत दगडगोटे, वर फडक्याची गाळणी. फडक्यावरचं खरकटं संध्याकाळी झाकणाच्या बादलीत. ते उघडं राहिलं की रात्री गावातली कुत्री आणि रानडुकरं येतात, आणि कुत्र्यांच्या वासावर बिबट्या.

हात धुवायला पायाने चालवायची तोटी करतात ती आम्हाला नळापेक्षा बरी वाटते. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, त्याला तोंडाच्या किंचित खाली खिळ्याने दोन मिलिमीटरचं एक भोक, दोन खुंटांमध्ये आडव्या काठीला कॅन टांगलेला, आणि कॅनच्या मानेपासून खाली जमिनीवरच्या दुसऱ्या काठीपर्यंत सुतळी. काठीवर पाय दिला की कॅन कलतो, धार पडते. पाय काढला की बंद. कशालाही हात लागत नाही. भोक मोठं झालं तर तासाभरात कॅन रिकामा, आणि सुतळी भिजून दुसऱ्या दिवशी तुटते, म्हणून नायलॉनची लावा. साबण जुन्या मोज्यात घालून शेजारी टांगायचा, नाहीतर तो पहिल्या संध्याकाळी मातीत जातो. खाली खडी टाकायची, चिखल नको. एक तोटी चराजवळ, एक स्वयंपाकघराच्या तोंडाशी.

आणि चर. पुस्तकी माप असं: रुंदी 30 सेंटिमीटर, खोली 90 ते 150 सेंटिमीटर, 100 माणसांना साधारण साडेतीन मीटर लांबी, आठवडाभरासाठी. सह्याद्रीत हे माप कागदावरच राहतं. दोन फुटांखाली मुरूम, त्याखाली कातळ, पहार नुसती ठणठणते. तेव्हा खोली 50 सेंटिमीटरवर सोडून द्यायची आणि लांबी वाढवायची. 60 माणसांना दोन-दोन मीटरचे पाच चर, तीन बायकांकडे, दोन पुरुषांकडे. मुरमात दोघांना एका चराला दीड-दोन तास लागतात, म्हणून हे काम बाकीचे यायच्या आदल्या दिवशी. जागा उताराच्या खालच्या अंगाला, ओढा आणि विहिरीपासून निदान 60 मीटर. पुस्तकात 30 चालतं, पण आपल्या कातळाला भेगा असतात आणि पाणी त्यातून कुठे निघेल याचा भरवसा नाही.

आपण पाणी वापरतो, त्यामुळे चर ओला होतो, आणि ओला चर म्हणजे माश्या. कडेला खणलेल्या मातीचा ढीग, त्यात राख आणि सुका पाला मिसळून एक डबा ठेवायचा. गेलेल्याने दोन डबे माती टाकल्याशिवाय यायचं नाही. आडोसा हिरव्या शेडनेटचा, दुहेरी. एकेरी नेट दिवसा ठीक, पण रात्री आत टॉर्च लावला की बाहेरून सगळं दिसतं. पॅडसाठी झाकणाची बादली आणि कागद, वर, कचरा उचलणाऱ्याला आत काय आहे ते कळावं म्हणून, पुण्यात काढतो तसा लाल ठिपका. हे परत शहरातच आणायचं, पुरायचं नाही. भरत आलेला चर 30 सेंटिमीटर उरला की बंद. 50 च्या चरात ही वेळ लवकर येते, म्हणून सहाव्या चराची जागा आधीच आखून ठेवावी.

शेकोटी एकच. भोवती तीन मीटर गवत तासलेलं, शेजारी दोन बादल्या पाणी आणि एक माती. ओढ्यातले दगड रचू नयेत, आत मुरलेलं पाणी तापून ते फुटतात. विझवताना पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत ओतायचं, आणि शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघायची. धग लागली तर पुन्हा पहिल्यापासून. डिसेंबरनंतर डोंगरउतारावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, वणव्याला एक ठिणगी पुरते. जवळ देवराई असेल तर तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. गावकरी उचलत नाहीत, आपण कोण?

झोपायचं बंद तंबूत किंवा कडा खोचलेल्या मच्छरदाणीत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही, 108 ला फोन, आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयाकडे. ते कुठल्या रुग्णालयात आहे याची चौकशी निघण्याआधी फोनवर करायची आणि मोबाइलची रेंज कुठल्या टेकाडावर येते ते पहिल्या दिवशी सगळ्यांना दाखवायचं. झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर त्या बाजूला धूर, अत्तर आणि आरडाओरडा बंद. खाजकुयलीच्या शेंगेला हात लागला तर चोळू नका, चिकटपट्टीने कुसं उपटून मग धुवा.

रात्रीच्या बैठकीचा धडा आमच्या मते वारीतून घ्यावा. माउलींच्या पालखीत मुक्कामी समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो, हजारो टाळ थांबतात, हरवलं-सापडलं पुकारलं जातं. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिच्याकडे जातो. शिबिरातही तेच: जेवण झाल्यावर वीस मिनिटं, आधी हरवलं-सापडलं, मग तक्रारी, मग उद्याच्या टोळ्या. रेनबोवाले सर्वसंमतीने निर्णय घेतात आणि हातात पीस असेल तोच बोलतो. 60 पुणेकरांची सर्वसंमती व्हायला पहाट उजाडेल. पाणी, आग आणि परतीची वेळ एवढ्यावर सगळ्यांना विचारावं, बाकी मुकादमांनी ठरवून मोकळं व्हावं.

पैशांचं म्हणाल तर नुसती टोपी फिरवून भागत नाही, किराणा आधी भरावा लागतो. अंदाजे खर्चाच्या निम्मे पुण्यात गोळा करायचे, उरलेल्या पैशांसाठी डबा. डब्याशेजारी पाटीवर रोजचा खर्च आणि जमा खडूने लिहायची. कुणी किती टाकले ते बघायचं नाही. पाटी असली की डबा भरतो, नसली की कुजबुज भरते.

शेवटच्या दिवशी जेवणाआधी आवरायचं, जेवणानंतर नाही. जेवल्यावर निम्मे लोक ‘सोमवारी ऑफिस’ म्हणत गाडीत बसतात. चर मातीने भरून वर वीतभर उंचवटा ठेवायचा, तो पावसात बसतो. सपाट केला तर जूनमध्ये खड्डा पडतो. मग सगळ्यांनी हातभर अंतराने एका ओळीत उभं राहून जमीन चालत तपासायची. काड्या, गोळ्यांची पाकिटं, तंबूचे खिळे, शेडनेटचे धागे. मालकाला सोबत फिरवायचं, तो म्हणेल ‘ठीक’ तेव्हाच ट्रक हलवायचा.

घरी आल्यावर तीन आठवड्यांत कुणाला ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ‘गवतात राहून आलोय’ हे आधी सांगायचं. स्क्रब टायफस लक्षात आला तर औषध साधं असतं, नाही आला तर प्रकरण वाढतं. हा निरोप ग्रुपवर आठवड्याने पुन्हा टाकावा. आणि भांडी मांडववाल्याला परत करताना डाव, झारे, वगराळी त्याच्यासमोर मोजून द्यावीत. एक वगराळं हमखास कमी भरतं आणि त्याचे पैसे तो अनामतीतून नव्याच्या भावाने कापतो.